सर, कुणाच्या पद्धतीने करू?

डिसेंबरातली सकाळ होती. धुरकट हवेमुळे पाच किलोमीटरपर्यंतचं दिसायला साडेआठ वाजले, तेव्हा कुठे आमचं सेस्ना 172, म्हणजे छोटं शिकाऊ विमान, उडालं. डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने, जमिनीपासून हजार फुटांवर उडत असताना मी शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीला म्हटलं, "हे लँडिंग तुझं तू कर. मी मध्ये बोलणार नाही. धोका वाटला तरच कंट्रोल घेईन."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, कुणाच्या पद्धतीने करू?"

तिच्या लॉगबुकात तेव्हा 13 तास 40 मिनिटं होती. 19 सॉर्टी, म्हणजे उड्डाणाच्या खेपा, आणि त्यापुढे पाच निरनिराळ्या इन्स्ट्रक्टरांच्या सह्या. मी सहावा. मी महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये फ्लाइट इन्स्ट्रक्टर होतो. शाळेचं नाव देत नाही, मुलीचंही देत नाही. ती आज कमर्शियल पायलट आहे आणि हे लिहायला तिची हरकत नाही. नवीन मुलं आणि त्यांचे आईवडील मला नेहमी विचारतात की एकच इन्स्ट्रक्टर मागून घ्यावा का. त्यावर तोंडी उत्तर देण्यापेक्षा हे एक प्रकरण सगळं सांगितलेलं बरं, कारण यात मीही चुकलोय.

फाइल

मुलगी सांगोल्याकडची. घरी डाळिंबाची बाग. वडिलांनी जमिनीवर कर्ज काढून पैसे उभे केले होते. भारतात कमर्शियल लायसन्ससाठी 200 तासांचं उड्डाण लागतं, त्यातले 100 तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे घेऊन, आणि हा सगळा खर्च तेव्हा चाळीस-पंचेचाळीस लाखांच्या घरात सहज जायचा. अशा घरातल्या मुलाला एकेका सॉर्टीची किंमत पाठ असते. आज लँडिंग फसलं म्हणजे किती हजार गेले, हा हिशेब डोक्यात घेऊनच ती खाली उतरते, आणि तो हिशेब पुढच्या सॉर्टीत तिच्याबरोबर परत वर जातो.

पाच इन्स्ट्रक्टर का झाले, याला खलनायक कुणी नाही. पावसाळ्यात आमच्याकडे जून ते सप्टेंबर उड्डाण रडतखडत चालतं. सप्टेंबर संपता संपता आभाळ मोकळं झालं की तुंबलेली सगळी बॅच एकदम धावपट्टीवर येते. मग डिस्पॅचचा माणूस यादी लावतो ती विमान कुठलं मोकळं आहे आणि इन्स्ट्रक्टर कोण मोकळा आहे यावर. कुठला विद्यार्थी कुणाच्या हाताखाली आहे, हे त्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर जातं. तिचे पहिले सर असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर होते, म्हणजे एएफआय. पाच सॉर्टी झाल्यावर त्यांना एअरलाइनचं बोलावणं आलं आणि ते गेले. त्यांना दोष कसा देणार? अमेरिकेत एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसायला साधारण 1500 तास लागतात, म्हणून तिकडचा तरुण इन्स्ट्रक्टर तेवढे तास भरेपर्यंत तरी शिकवत राहतो. आपल्याकडे 200 तासांच्या लायसन्सवर को-पायलट होता येतं. म्हणजे आमचा एएफआय पहिल्या दिवसापासून एक पाय दाराबाहेर ठेवूनच शिकवत असतो. दुसऱ्या सरांबरोबर सहा सॉर्टी झाल्या आणि ते लग्नासाठी महिनाभर गावी गेले. पुढे तीन, चार आणि एक अशा उरलेल्या तिघांत विभागल्या गेल्या.

मी तिची ट्रेनिंग फाइल आदल्या रात्री घरी नेऊन वाचली होती. प्रत्येक सॉर्टीनंतर इन्स्ट्रक्टर दोन ओळींचा शेरा लिहितो. 'लँडिंग नीड्स इम्प्रूव्हमेंट' हे वाक्य मला पाच हस्ताक्षरांत मिळून अकरा वेळा सापडलं. एकाने 'फ्लेअर फार वर' लिहिलं होतं (फ्लेअर म्हणजे चाकं टेकण्याआधी नाक उचलून विमान अलगद बसवणं). तीनच दिवसांनी दुसऱ्याच कुणी 'फ्लेअर उशिरा'. चौथ्याने एके ठिकाणी 'मोअर राइट रडर ऑन टेक-ऑफ' असं लिहिलं होतं. ते मी वाचलं आणि पान उलटलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

लँडिंगमध्ये नेमकं काय बिघडतंय, हे मात्र अकरापैकी एकाही शेऱ्यात नव्हतं.

पाच जणांचे पाच फ्लेअर

डाउनविंडवरचा तो प्रश्न ऐकल्यावर मी तिला म्हटलं, आधी सांग तरी कुणाची पद्धत काय आहे. तिने बेसला, म्हणजे धावपट्टीकडे यायच्या पहिल्या वळणावर, वळेपर्यंत घडाघडा सांगितलं.

पहिले सर फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत उतरताना, 65 नॉट वेग मागायचे. दुसरे म्हणायचे, नवीन मुलांनी 70 ठेवावेत, हाताशी थोडा वेग असलेला बरा. तिसरे म्हणायचे, वाऱ्याच्या झोताने जेवढा वेग वाढतो त्याचा निम्मा आकडा त्यात मिळव. यातलं चूक कुणाचंच नाही. सेस्ना 172 एसच्या हँडबुकात पूर्ण फ्लॅपवर, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा पूर्ण खाली असताना, 60 ते 70 नॉट असं दिलेलंय, पहिले दोघेही त्या चौकटीत बसतात. पण 65 आणि 70 मध्ये फरक पाचाचा दिसला तरी विमानातली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. 70 चा वर्ग 4900, 65 चा 4225. म्हणजे धावपट्टीवर जिरवायची ऊर्जा जवळजवळ 16 टक्क्यांनी जास्त. 65 नॉटवर जेवढं नाक उचलल्यावर विमान अलगद बसतं, तेवढंच 70 वर उचललं तर ते पुन्हा वर चढतं. याला आम्ही बलून म्हणतो. मुलीचा हात तोच, वेळ तीच, पण एके दिवशी विमान बसतं आणि दुसऱ्या दिवशी फुगून वर जातं. तिने काय निष्कर्ष काढायचा? तिने काढला तो असा, की आपल्याला जमत नाही.

वेगासाठी पिच (नाक वरखाली करणं) आणि उंचीसाठी पॉवर (इंजिनची ताकद), की उलट, हा वाद तर आमच्या धंद्यातला जुना भाऊबंदकीचा वाद आहे. एका सरांनी तिला फायनलवर खाली गेलीस तर थ्रॉटल दे, म्हणजे इंजिनची ताकद वाढव, असं शिकवलेलं. दुसऱ्यांनी ती थ्रॉटलला हात लावताच तो दाबून धरून आधी नाक सांभाळ म्हणून सांगितलेलं. अनुभवी पायलट दोन्ही गोष्टी एकाच वेळी करतो, त्यामुळे त्याला हा वाद फुकाचा वाटतो. तेरा तासांच्या मुलीला एका वेळी एकच हात हलवता येतो.

आणि फ्लेअर. एक म्हणायचे वीस फुटांवर सुरू कर. पण वीस फूट म्हणजे किती, हे आकाशातून खाली येणाऱ्या माणसाला कसं कळणार? दुसरे म्हणायचे, धावपट्टी दोन्ही बाजूंनी अंगावर येतेय असं वाटलं की ओढ. तिसरे नुसतं "नाऊ!" म्हणायचे. तिने त्या "नाऊ"ची वाट बघायला शिकून घेतलं. चौथे काहीच म्हणत नसत, तेव्हा ती वाट बघत राहिली आणि चाकं आपटली. 'फ्लेअर उशिरा' हा शेरा त्या दिवसाचा होता.

ते लँडिंग तिने पूर्ण केलंच नाही. शंभर फुटांवर मीच गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायला, सांगितलं.

खाली आल्यावर आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती इन्स्ट्रक्टरांच्या संख्येशी अर्धवटच संबंधित होती. तिची उंची पाच फूट एक इंच. आमच्याकडे तीन 172 होती. सीटची उंची खालचा दांडा फिरवून वरखाली करता येते, पण एका विमानात तो दांडा अडकलेला. घाईत कुणी तिला सीट लावून देई, कुणी नाही. डोळ्याची उंची बदलली की धावपट्टीचं दिसणारं चित्रही बदलतं, आणि फ्लेअर शिकणं म्हणजे ते चित्र ओळखायला शिकणं. एकच माणूस रोज शेजारी असता तर त्याला हे तिसऱ्या दिवशी दिसलं असतं. पाच जणांपैकी प्रत्येकाला वाटलं, हिची बसायची पद्धतच अशी असेल. दुसऱ्या दिवशी तिने हॉस्टेलवरून आपली उशी आणली. तिन्ही विमानांत, इंजिनच्या कव्हरची कड काचेत कुठे दिसली पाहिजे, ते आम्ही पक्कं केलं.

सीएफआयच्या खोलीत

त्याच आठवड्यात तिच्या वडिलांचा फोन आला. बोलणं अदबीचं, पण आवाज ताणलेला. "साहेब, टाटांनी म्हणे पावणेचार तासांत एकट्यानं विमान उडवलं होतं. आमची पोरगी चौदा तासांवर आली." माहिती बरोबर होती. जेआरडी टाटांनी 3 तास 45 मिनिटांच्या शिक्षणानंतर सोलो केलं होतं आणि 10 फेब्रुवारी 1929 ला भारतातलं पहिलं पायलट लायसन्स त्यांना मिळालं. पण ती विमानं वेगळी, ते आकाश रिकामं, आणि तेव्हा शिकवायचं असायचं ते बरंच कमी. आजकाल आमच्याकडे पंधरा ते पंचवीस तासांत मुलं सोलोला जातात. मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे साहेब, पण तिला एकच सर द्या. पाच वैद्यांचं औषध एकदम लागू पडत नाही."

मी चीफ फ्लाइट इन्स्ट्रक्टरांकडे गेलो. सीएफआय सर हवाई दलातून निवृत्त झालेले. हवाई दलात शिकाऊ पायलटला एका इन्स्ट्रक्टरच्या हाती सोपवतात, आणि टप्प्याच्या शेवटी तपासायला वेगळाच माणूस बसवतात. त्यामुळे मला वाटलं ते लगेच हो म्हणतील. ते म्हणाले, "सगळ्या बॅचने एकेक सर मागितला तर यादी कशी लावू? तू आजारी पडलास तर तिने काय करायचं, थांबायचं?"

प्रश्न रास्त होता. एका माणसावर विसंबलेल्या विद्यार्थ्याचे दिवस त्या माणसाच्या रजा, मेडिकल आणि मूड यांच्या हिशेबाने चालतात. माझा एक मावसभाऊ कॅलिफोर्नियात हौसेखातर उडायला शिकला. तिकडे विद्यार्थी स्वतः इन्स्ट्रक्टर निवडतो, तासाचे पैसे देतो, आवडला नाही तर बदलतो. त्याने एकच धरला. सोलो उड्डाणासाठी लॉगबुकात लागणारी इन्स्ट्रक्टरची सही तिकडे 90 दिवस चालते. ती मुदत संपत आली आणि त्याचा इन्स्ट्रक्टर एअरलाइनला गेला. नव्या माणसाने सही देण्याआधी सगळं पहिल्यापासून बघायचं ठरवलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, कारण सही करणं म्हणजे जबाबदारी घेणं. मावसभावाला पुन्हा सात-आठ तासांचे डॉलर मोजावे लागले.

पण मला त्या खोलीत खरं खटकत होतं ते वेगळंच. सीएफआय सरांचा एक मुद्दा असा होता की पुढे एअरलाइनमध्ये तिला रोज नवा कॅप्टन मिळणार आहे, तेव्हा आत्तापासून सवय झालेली बरी. हे वाक्य मी पुष्कळ इन्स्ट्रक्टरांच्या तोंडून ऐकलंय आणि मला ते पटत नाही. एअरलाइनमध्ये माणूस रोज बदलतो, शब्द बदलत नाहीत. कुठल्या उंचीवर कोण काय म्हणणार, फ्लॅप कधी मागायचे, वेग किती, हे सगळं एसओपीमध्ये, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, ठरलेलं असतं, म्हणूनच सकाळी पहिल्यांदा भेटलेले दोन पायलट संध्याकाळपर्यंत चार उड्डाणं करू शकतात. आमच्याकडे माणसं एअरलाइनसारखी बदलत होती आणि शब्द ज्याचे त्याचे होते. शाळेचं एक स्टँडर्डायझेशन मॅन्युअल होतं म्हणा. कपाटात.

अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिकडच्या विमान वाहतूक खात्याने, इन्स्ट्रक्टरांसाठी काढलेल्या हँडबुकात 'लॉ ऑफ प्रायमसी' म्हणून एक गोष्ट सांगितली आहे. जे पहिल्यांदा शिकलं जातं ते घट्ट बसतं, म्हणून पहिल्यांदाच बरोबर शिकवा, कारण नंतर काढून टाकणं जड जातं. या मुलीच्या बाबतीत पहिलं असं काही घट्ट बसलंच नव्हतं. पाच अर्धवट सवयी एकमेकींना खेटून उभ्या होत्या.

शेवटी सीएफआय सरांनी मधला मार्ग काढला. सोलोपर्यंत सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, आणि लँडिंग फक्त माझ्याबरोबर. मी नसेन त्या दिवशी तिने खोळंबून राहायचं नाही. आमच्याकडच्या एएफआय मॅडमबरोबर स्टॉल, स्टीप टर्न, इंजिन बंद पडल्याचा सराव, असलं जनरल हँडलिंग करायचं, सर्किट नाही. मॅडमनी आणि मी आधी बसून शब्द एक करायचे. सोलो चेक सीएफआय सर स्वतः घेणार. तसंही पहिल्या सोलोला परवानगी द्यायचा अधिकार एएफआयला नसतोच.

मॅडम आणि मी अर्धा तास बसलो. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात माझ्याही दोन गोष्टी बदलल्या. फायनलचा तिसरा फ्लॅप मी सवयीने उशिरा घेत असे. त्या म्हणाल्या, नवीन मुलाला तेवढ्या खाली पुन्हा ट्रिम करायला, म्हणजे हातावरचा जोर जुळवायला, का लावता? मला उत्तर सुचलं नाही.

सहा तास

यातला पुष्कळ भाग कंटाळवाणा आहे, म्हणून भरभर सांगतो. फायनलवर 65, दुसरा आकडा नाही. फ्लॅपचा क्रम एकच. "नाऊ" म्हणायचं मी बंद केलं. लँडिंगऐवजी थोडी पॉवर ठेवून धावपट्टीवरून दहा-पंधरा फुटांवर सरळ उडत जायचं, चाकं टेकवायची नाहीत, शेवटाआधी गो-अराउंड, असं आम्ही दोन सॉर्टी नुसतं केलं. फ्लेअरच्या उंचीवरून जग कसं दिसतं ते बघायला एरवी तीन-चार सेकंद मिळतात. असं केलं की पंधरा-वीस मिळतात. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, "अच्छा, हे एवढं खाली असतं होय!" आधी नुसत्या ऐकलेल्या वीस फुटांचा उलगडा तिला तेव्हा झाला.

भाषेचाही थोडा वाटा असावा. आधीचे सर हरयाणाचे, केरळचे, एक नागपूरचे. सूचना इंग्रजीत, चिडले की हिंदीत. रेडिओवर इंग्रजीच हवं आणि त्यात तिची काही अडचण नव्हती. पण खाली डीब्रीफिंगला आम्ही मराठीत बोलायचो. मी 'नाक उचल' म्हणायचो. एकदा ती म्हणाली, "सर, नाक उचल म्हटलं की मी ओढते. नजर उचल म्हटलं तर हात आपोआप हळू येतो." गुडघ्यावर बांधायच्या पॅडवर तिने मग लिहून ठेवलं होतं: नजर लांब, हात हलका. मी तेव्हापासून सगळ्यांना 'नजर उचल'च म्हणतो.

मधे मला ताप आला, आठ दिवस गेले. ठरल्याप्रमाणे ती मॅडमबरोबर दोनदा गेली. आठ दिवसांनी सर्किटमध्ये थोडी गंजली होती, पण एका सॉर्टीत परत जागेवर आली. सहा-साडेसहा तासांच्या शेवटी दहापैकी आठ लँडिंग मला हात न लावता होत होती. निदान मला तसं वाटत होतं. मी फाइलमध्ये लिहिलं, 'रेडी फॉर सोलो चेक'.

सोलो चेक

सीएफआय सर विमानात बसले, बेल्ट लावला आणि दोन्ही पाय पेडलपासून मागे घेऊन सीटखाली ठेवले.

मी अॅप्रनवरून, म्हणजे विमानं उभी करतात तिथून, बघत होतो. थ्रॉटल पूर्ण गेला. विमान मधल्या पांढऱ्या रेषेवरून डावीकडे सरकायला लागलं. थोडं नव्हे, चांगलं धावपट्टीच्या कडेच्या दिशेने. मग झटका बसल्यासारखं उजवीकडे आलं, परत डावीकडे गेलं आणि तसंच तिरकं उडालं. लँडिंग सुरेख झालं. दुसऱ्या फेरीला सरांनी पन्नास फुटांवर गो-अराउंड सांगितलं. थ्रॉटल पूर्ण, आणि नाक डावीकडे इतकं वळलं की मला विमानाची कूस दिसली. तिसरी फेरी झालीच नाही.

ज्यांना विमानाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका पंख्याच्या या विमानात पूर्ण ताकद दिली, त्यातही वेग कमी आणि नाक वर असेल, की पंख्याच्या फिरण्यामुळे नाक डावीकडे ओढलं जातं. त्याला उजव्या पायाने रडर देऊन अडवावं लागतं. पहिल्या आठवड्यातली गोष्ट आहे ही. दोन्ही सीटपुढची पेडलं आतून जोडलेली असतात. एकाने दाबलं की दुसऱ्याचंही तेवढंच जातं.

डीब्रीफिंगला सीएफआय सरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "पैर कहाँ रहते हैं तुम्हारे?"

मी म्हटलं, जमिनीवर. मला ते खरंच वाटत होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "सर, मला वाटायचं ते पेडल आपोआपच जातं."

खोलीत कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर उडालो तो बुटांकडे लक्ष ठेवून. थ्रॉटल पुढे जायला लागला आणि माझा उजवा पाय, माझी कसलीही परवानगी न घेता, पेडलवर गेला. पंधरा वर्षांची सवय. तिच्याआधीच्या विद्यार्थ्यांचं मी काय केलं असेल, हा विचार त्या टेक-ऑफला मनात आला आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. बहुतेक ते वाचले ते एवढ्यामुळेच की आमची यादी बेशिस्त होती. मधूनमधून दुसरा कुणीतरी त्यांच्या शेजारी बसत होता, ज्याचा पाय जागेवर असायचा.

'मोअर राइट रडर ऑन टेक-ऑफ.' चौथ्या इन्स्ट्रक्टरने हे दोन महिन्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं. माझ्याबरोबर विमान रेषेवर राहत होतं म्हणून मी तो दोष मिटला असं धरून चाललो होतो. तो मिटला नव्हता, मी तो पायाखाली दाबून धरला होता. ज्या पाच जणांच्या गोंधळाबद्दल मी सीएफआयच्या खोलीत तावातावाने बोललो होतो, त्यांच्यातल्याच एकाला चार सॉर्टीत जे दिसलं ते मला नऊ सॉर्टीत दिसलं नाही.

नंतर

बाकी दुरुस्ती सोपी होती. मी पाय मागे घेऊन एक सॉर्टी केली. तिने पहिल्यांदा विमानाचं नाक पायाने धरलं आणि वैतागून म्हणाली, "हे तर भलतंच जड आहे!" मग मी मुद्दाम बाजूला झालो आणि सर्किटच्या दोन सॉर्टी मॅडमनी घेतल्या. आमचे शब्द आधीच एक झालेले असल्यामुळे तिला कुणाची पद्धत हे विचारावं लागलं नाही. मॅडमच्या शेऱ्यात यावेळी नेमकं होतं: 'पॉवर देताना पाय थ्रॉटलच्या मागे पडतो, एक सेकंद.' असा शेरा मिळाला की पुढच्या माणसाला काम सुरू करता येतं.

वडिलांना मी फोन करून सांगितलं की चेक नापास झाली आणि त्यात माझी चूक आहे. बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग म्हणाले, "म्हणजे एक सर पण धोक्याचाच म्हणायचा." मी म्हटलं, सुरुवातीला एकच हवा, पण त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा हवाच. ते म्हणाले, "डाळिंबाला पण तसंच आहे. रोज पाणी देणाऱ्याला तेल्या रोग दिसत नाही, बाहेरून आलेल्याला पहिल्या झटक्यात दिसतो."

शाळेत काय बदललं? फार नाही. फाइलच्या पुठ्ठ्यावर मुख्य इन्स्ट्रक्टरचं नाव लिहायची पद्धत पडली, आणि सोलोच्या आधी, साधारण दहाव्या तासाला, दुसऱ्या कुणीतरी पाय जमिनीवर ठेवून एक सॉर्टी घ्यायची असं ठरलं. मॅन्युअल कपाटातून बाहेर आलं, काही महिन्यांनी परत गेलं. सोलोनंतर मात्र तिने मुद्दाम निरनिराळ्या लोकांबरोबर उडावं असा मीच आग्रह धरला. 300 नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री, रात्रीचे 5 तास, इन्स्ट्रुमेंटचं काम. तिथे प्रत्येकाकडे वेगळं काहीतरी असतं. हरयाणाच्या सरांइतकं ढगांचं वाचन मला येत नाही, आणि हात एकदा बसला की त्यात दुसऱ्याचं भर घालायला जागा होते. तेराव्या तासाला ती जागा नव्हती.

दुसरा सोलो चेक जानेवारीच्या अखेरीस झाला. लॉगबुकात 23 तास 50 मिनिटं होती. सीएफआय सर तीन सर्किट करून आले, इंजिन चालूच ठेवून उतरले, दार नीट लागलंय ते बाहेरून दाबून पाहिलं आणि माझ्याकडे चालत आले. जाता जाता एवढंच म्हणाले, "जाने दो उसको."

तिला मी आधीच सांगून ठेवलं होतं की एक माणूस कमी झाला म्हणजे विमान लवकर चढेल, लँडिंगला जरा जास्त तरंगेल, घाबरू नकोस. मी हातातला रेडिओ घेऊन विंडसॉकजवळ जाऊन उभा राहिलो. वारा जवळजवळ नव्हता. ती लाइन-अप झाली. इंजिनचा आवाज चढत गेला, विमान सुटलं, आणि मी खाली पाहिलं तर माझ्या उजव्या बुटाचं टोक मुरमात रुतलं होतं.